दुपारी आटणारा झरा

धोंडटेकचा झरा दुपारी कोण अडवतं, याचं उत्तर गावाने फाल्गुनातच ठरवून टाकलं होतं. हरिबा. दुसरं कोण असणार? दुपारी गाव घरात पडून असतं. माळावर असतो तो एकटा हरिबा आणि त्याची मेंढरं.

धोंडटेक वडवणी तालुक्यात, डोंगराच्या उतारावर आहे. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाच्या फटीतून पाणी झिरपतं आणि खाली दगडाच्या डोणीत पडतं. काही वर्षांमागे ही धार उन्हाळाभर, दिवसरात्र सारखी चालायची. अलीकडे तिची तऱ्हा बदलली होती. रात्री ती वाहायची, पहाटे डोण भरलेली असायची, बाया हंडे भरून न्यायच्या. ऊन तापलं की धार बारीक व्हायची आणि दुपारी थांबायची. दिवस कलला की पुन्हा सुरू. पाणी काही घड्याळ बघून वाहत नाही, तेव्हा यात माणसाचाच हात आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. हरिबाने वर कुठेतरी दगड सारून पाणी आपल्या मेंढरांकडे वळवलंय, हे कुणी पाहिलं नव्हतं, पण सांगत सगळेच होते.

सावित्रीबाई झऱ्याच्या समितीची अध्यक्ष. भांडायला ती कधी भ्यायली नव्हती. ऊसतोडीच्या टोळीत असताना मुकादमसुद्धा तिच्या तोंडी लागण्याआधी विचार करायचा. पण ऐकीव गोष्टीवर भांडणं तिला पसंत नव्हतं. म्हणून एके दिवशी जेवणवेळेला तिने फडक्यात भाकरी बांधली आणि ती झऱ्यावर जाऊन बसली. डोणीच्या वर, अगदी खडकाला लागून जांभळाचं झाड होतं, त्याच्या सावलीत.

हरिबा तिथेच होता. मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या सावलीत उभी होती.

"वैनी, ठाण्यातून आलाव का?" त्याने विचारलं.

"आले की. हातकड्या घरी इसरल्या."

"मंग बसा. मी बी बसतो. चोर आला तर दोघं मिळून धरू."

दोघं बसली. सावित्रीबाईने अर्धी भाकरी त्याला दिली. धार समोर होती, करंगळीएवढी. बघता बघता ती दोऱ्यासारखी झाली, मग तुटली, थेंब पडू लागले. थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, हरिबा जागचा हललाही नाही. शेवटचा थेंब खडकाच्या ओठावर बराच वेळ लोंबकळला आणि तिथेच वाळला.

"आता सांगा," हरिबा म्हणाला, "कुठं लपिवलं म्या पाणी? धोतरात?"

आठवडाभर ती स्वतःही त्याच्या नावाने बोटं मोडत होती, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे तिला. तेवढ्यात करिष्मा वर आली म्हणून बरं झालं.

करिष्मा परळीची. पुण्याच्या एका संस्थेसाठी ती दोन वर्षांपासून इथल्या झाडांचा अभ्यास करत होती आणि वत्सलाबाईच्या घरी खोली घेऊन राहत होती. तिने झाडांना पोलादी पट्ट्या बांधल्या होत्या. पट्टीला स्प्रिंग, स्प्रिंगजवळ बारीक रेघा. झाड केसभर जाड झालं तरी पट्टी सरकायची. गावाला याची आधी गंमत वाटली, मग सवय झाली. तिचे वडील परळीच्या औष्णिक केंद्रात कामाला आहेत हे कळल्यावर सावित्रीबाईनेच तिला पहिल्यांदा डिवचलं होतं, "बाप तिकडं कोळसा जाळतो, आन लेक हिकडं झाडाला धूर गिळाय लावती. चांगलं वाटून घेतलंय काम." करिष्माला ते इतकं आवडलं की तिने घरी फोन करून सांगितलं.

वाळलेल्या खडकाकडे पाहत बसलेली ही दोघं बघून ती थांबली. सावित्रीबाईला हाताला धरून जांभळाच्या खोडापाशी नेलं आणि पट्टीवरची रेघ दाखवली. पहाटे पट्टी कोणत्या रेघेवर होती आणि आता कुठे आहे ते बोटाने सांगितलं. खोड सकाळपेक्षा बारीक झालं होतं. उगीच केसभर, पण झालं होतं.

मग तिने समजावलं. पानांना बारीक तोंडं असतात. ऊन लागलं की झाड त्या तोंडांनी हवा आत घेतं, आणि तोंड उघडं तेवढा वेळ आतलं पाणी वाफ होऊन जात राहतं. गेलेलं पाणी मुळं खालून ओढून आणतात. दुपारी जाणं जास्त आणि येणं कमी, म्हणून खोड आवळतं. रात्री पानं तोंड मिटतात, खोड पुन्हा भरतं, आणि मुळांनी सोडलेलं पाणी डोणीत येतं. हे तिने मागे ग्रामसभेत भिंतीवर आलेख लावून सांगितलं होतं. तेव्हा लोक चहाची वाट बघत होते.

"म्हंजी चोर डोक्यावरच बसलाय की आपल्या," हरिबा वर बघत म्हणाला. ते झाड कुणाचं आहे, हे त्याला बोलून झाल्यावर आठवलं.

झाड त्रिंबकचं होतं. सावित्रीबाईच्या नवऱ्याचं.

त्रिंबक ऊसतोडीला गेलेला असताना साताऱ्याकडे छातीत कळ येऊन वारला. दहन तिकडेच झालं. राख सावडून सावित्रीबाई मुलाबरोबर परत आली आणि तशीच पुढे उमापूर ओलांडून गोदावरीवर गेली. ते मोठ्या दुष्काळाचं साल होतं. नदीत वाळू होती. कुणी सांगितलं खड्डा करा, ओल लागेल, त्यात सोडा. तिला ते पटलं नाही. राखेचं गाठोडं घेऊन ती गावी आली, आणि गावात त्या दिवसांत जिथे म्हणून पाणी होतं त्या एकाच जागी, झऱ्याच्या तोंडाशी, तिने खड्डा खणला, राख त्यात घातली आणि वर जांभळाचं रोप लावलं.

गावाला ही रीत आवडली. पुढच्या पावसाळ्यापासून जो तो आपल्या माणसाची राख तिथे आणू लागला. ग्रामपंचायतीने गायरानाचा तो तुकडा त्यासाठी सोडला. प्रत्येकाला आपलं माणूस पाण्याजवळ हवं होतं, त्यामुळे झाडं झऱ्याभोवती दाटीने लागली, दोन झाडांत माणूस आडवा झोपणार नाही इतकी. आणि झाडंही निवडून लावली. डोंगरावर आपोआप वाढतो तो धावडा किंवा सालई कुणीच लावली नाही, कारण ती उन्हाळ्यात पानं टाकून उघडी होतात. आपला बाप चैत्रात बोडका उभा राहावा, असं कुणाला वाटेल? म्हणून जांभूळ, करंज, वड, उंबर. भर उन्हातही सावली धरणारी. नेमकी तीच झाडं भर उन्हातही पाणी पितात, हे लावताना कुणाच्या मनात आलं नाही. धावडा पानं टाकतो म्हणजे तोंड मिटून पावसाची वाट बघतो.

करिष्माचं म्हणणं सरळ होतं. या जागेत अर्धीच झाडं पोसली जातील. दोन उन्हाळे तिच्या पट्ट्या जागच्या हललेल्या नव्हत्या. सकाळ-दुपारची ती केसभराची ये-जा सोडली तर झाडं वाढतच नव्हती. जे झाड वाढत नाही ते हवेतला कार्बनही लाकडात साठवत नाही, नुसतं पाणी पिऊन तग धरतं. उन्हाळे असेच तापत गेले तर अर्धी आपोआप वाळतील, आणि कोणती अर्धी ते कुणाला ठरवता येणार नाही. वरच्या कडेचे दोन-तीन करंज वाळलेही होते. आता मधली काही झाडं काढून विरळणी केली तर उरलेली वाढतील, खाली पाणीही उतरेल. आणि सुरुवात झऱ्याच्या तोंडापासून करावी लागेल, कारण तिथली मुळं थेट फटीत गेलेली आहेत.

सरपंच बंकटने गावाची बैठक बोलावली. विरळणी करावी यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणाचं झाड काढावं, यावर एकही माणूस बोलेना. बंकटने चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं, तेव्हा तिथे बापाचा वड लावलेला रविराज म्हणाला की बापाच्या नावाची चिठ्ठी तो कुणाला उचलू देणार नाही. शेवटी वत्सलाबाईने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. सावित्रीचं झाड पहिलं लागलं, सगळ्यात मोठं तेच, पाण्याच्या तोंडावर तेच. ते उभं असेपर्यंत दुसऱ्या कुणाला कोणत्या तोंडाने सांगणार?

सगळ्यांनी सावित्रीबाईकडे पाहिलं. तिने पाडव्यापर्यंतची मुदत मागितली.

तिने पाडवाच धरला याला हरिबाही एक कारण होता. पाणी असंच राहिलं तर पाडव्यानंतर त्याला मेंढरं घेऊन गोदावरीकाठी उतरावं लागणार होतं, नेहमीपेक्षा कितीतरी आधी, लहान कोकरांसकट. त्याने तसं तोंडाने म्हटलं नाही. त्याच्या आईचं, चतुराबाईचं उंबराचं झाडही त्याच दाटीत होतं.

त्या दिवसांत सावित्रीबाई रोज जांभळाखाली जाऊन बसायची. नवऱ्याशी बोलायची तिची पद्धत नव्हती. तो असतानाही दोघं कामापुरतंच बोलायची. पण वर्षश्राद्धाला ती इथे ताट ठेवायची, सून बाळंत झाली तेव्हा आधी इथे येऊन सांगून गेली होती. झाड भरलं की तिला वाटायचं माणूस अंगाने भरलाय. जिवंतपणी तो कधी भरला नव्हता, ऊसतोडीने हाडंच राहिली होती. आता कवेत मावत नव्हता.

एका सकाळी करिष्मा पट्ट्या वाचायला आली, तेव्हा सावित्रीबाईने तिला बाजूला बसवलं.

"एक इचारते. खरं सांगशील?"

"सांगते, मावशी."

"ह्या झाडात ते किती हायत?"

करिष्माला सोपं उत्तर देता आलं असतं. तिने ते दिलं नाही. हातातली पेन्सिल तिने खाली ठेवली. मग म्हणाली की राखेत फक्त क्षार उरतात, चुन्यासारखे. त्यातले थोडे झाडाने घेतले असतील, बाकी पावसाबरोबर वाहून गेले असतील. आणि लाकूड मातीचं बनत नाही. माती असते तेवढीच राहते. लाकूड हवेचं बनतं, पानं हवेतला कार्बन ओढतात त्याचं.

"मंग माणसाचं बाकीचं?"

"ते चितेच्या धुरात गेलं."

"आन धूर?"

"हवेत मिसळला. वर्षा-दोन वर्षांत तो पार सगळीकडं पसरतो. त्यातलं कोणत्या झाडानं काय घेतलं, हे कुणालाच सांगता येत नाही. सगळीच घेतात. थोडं थोडं."

"डोंगरावरला धावडा बी?"

"धावडा बी."

"आन ऊस?"

करिष्मा अडखळली. "ऊस तर जास्तच घेतो, मावशी. लई भराभर वाढतो ना."

सावित्रीबाईला हसू फुटलं. "बघ बाई. जलमभर ऊस तोडला आन मेल्यावर पुन्हा उसातच जाऊन बसलं माणूस. मुकादमाला कळलं तर पुन्हा कोयता हातात दील."

करिष्माही हसली, पण सावित्रीबाईचं हसू लगेच ओसरलं होतं. ती उतारावर बघत होती. तिथे धावडे होते, राखी खोडांचे, पानं नसलेले, जिथे तिथे. इतकी वर्षं ती त्यांच्यामधून सरपण गोळा करत होती. आपण जरुरीपेक्षा जास्त बोललो का, असं करिष्माला वाटत राहिलं आणि संध्याकाळी जेवताना तिने वत्सलाबाईला तसं बोलूनही दाखवलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सावित्रीबाई मारुतीच्या पारावर आली. बंकट आणि चार-पाच जण बसले होते, वत्सलाबाई दळण घेऊन चालली होती.

"पाडवा झाला की दुसऱ्या दिशी माझ्या झाडापासून सुरू करा," ती म्हणाली. "झाड तोडल्यानं ते कुठं जात न्हाईत. पाणी मात्र रोज जातंय."

"हे त्या पोरीनं शिकीवलं व्हय तुला?" वत्सलाबाईने विचारलं.

"पोरीनं धुराचं सांगितलं. पाण्याचं म्या डोळ्यानं बघितलंय."

बंकट म्हणाला, "काकू, घाई न्हाई. अजून इचार करा."

"इचार करून झाला, बंकट. आता तू माणसं बघ."

माणसं बघायची वेळ आली नाही. हरिबा स्वतःची कुऱ्हाड घेऊन सकाळी हजर झाला. सावित्रीबाईने खोडाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पट्टी सोडवून करिष्माच्या हातात दिली. हरिबा कुऱ्हाड घेऊन उभाच राहिला.

"वैनी, पहिला घाव म्या न्हाई घालायचो. त्याच्या हातची तंबाखू खाल्लीया."

"आण हिकडं."

तिने पदर खोचला. ऊसतोडीत जमिनीलगत कोयता घालायची सवय होती, त्यामुळे घाव खाली बसला, नेमका. दुसरा त्याच खाचेत. तिसऱ्यानंतर तिने कुऱ्हाड हरिबाला दिली आणि डोणीच्या कडेला जाऊन बसली. झाड पडेपर्यंत ती तिथून उठली नाही. पडलं तेव्हा मेंढरं बिचकून पळाली, आणि धूळ खाली बसायच्या आत परत येऊन पाल्यावर तुटून पडली. बुंध्याचा कापलेला भाग तांबूस आणि ओला होता. सावित्रीबाईने त्यावर तळहात ठेवला, वास घेतला, हात पदराला पुसला.

करिष्माने एकच विनंती केली होती, लाकूड जाळू नका. लाकूड आहे तोवर त्यातला कार्बन त्यातच राहतो. खोड सुताराकडे गेलं आणि त्याची अंगणवाडीसाठी चौकट झाली. फांद्या मात्र बायांनी चुलीला नेल्याच. त्याला सावित्रीबाईही अपवाद नव्हती.

दोन दिवसांनी वत्सलाबाईने सासूचा करंज दाखवून दिला. दाखवताना म्हणाली, "जिती हुती तवा बी हापशावर कुणाला फिरकू देत नव्हती. मेल्यावर बी तेच." लोक हसले आणि मग गोष्ट सोपी झाली. हरिबाने आईचा उंबर पाडला. रविराजने बापाचा वड तोडू दिला नाही. त्याला कुणी भाग पाडलं नाही. करिष्माने सांगितली होती त्यातली निम्मीशी झाडं निघाली, बाकीची राहिली.

त्या आठवड्यात पहिल्यांदा झऱ्याची धार दुपारी तुटली नाही. बारीक झाली, पण राहिली. गाव ते बघायला गेलं. करिष्माने लगेच सांगून टाकलं की एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. मागचा पाऊस बरा होता, अजून दोन पावसाळे बघावे लागतील. तिचं ऐकून घेतलं गेलं, पण बाया हंडे घेऊन दुपारीच जाऊ लागल्या. हरिबा पाडव्यानंतर लगेच निघणार होता तो वैशाखापर्यंत थांबला. कोकरं चालण्याजोगी झाली, मग निघाला. जाताना गावात कुणी त्याला पाण्याबद्दल विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही, फक्त पारावरून जाताना धोतर झटकून दाखवलं.

आषाढात तो परतला तेव्हा डोंगर हिरवा झाला होता. धावड्यांना पालवी फुटून गेली होती. सावित्रीबाई झऱ्यावर होती. जांभळाच्या बुंध्यालाही फुटवे आले होते, चांगले वीतभर. जांभळाची कोवळी पानं आधी तांबडी असतात, उन्हात चमकतात, तशी चमकत होती. करिष्मा दोन दिवसांपूर्वीच सांगून गेली होती. मुळं खाली जिवंत आहेत, तयार आहेत. एक जरी फुटवा ठेवला तर नव्या रोपापेक्षा कितीतरी लवकर झाड होईल, आणि झाड झालं की पिईल. ठेवायचा तर ठेवा, छाटून लहान ठेवता येईल.

सावित्रीबाई बुंध्याजवळ उकिडवी बसली होती. एक-एक करून तिने फुटवे खुडले होते. एक राहिला होता, सगळ्यात जाड. त्याचं पान ती दोन बोटांत धरून होती.

हरिबा जवळ येऊन उभा राहिला. मेंढरांबरोबर त्याच्या चार शेळ्याही होत्या, त्या वाटेवरच्या बोरीला लागल्या होत्या.

"एखादं ऱ्हाऊ द्या की, वैनी," तो म्हणाला. "एकानं काय हुतंय."

"एक ऱ्हायलं की पुढल्या साली त्याला हात लावाय माझं मन धजायचं न्हाई." तिने पान सोडलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "शेळ्या घाल हिकडं."

हरिबाने शीळ घातली. शेळ्या आल्या, पुढची एक बुंध्यावर पाय ठेवून चढली आणि खाऊ लागली. सावित्रीबाईने तिला हाकललं नाही. शेळी खाली उतरेपर्यंत ती उभी राहिली, मग तिने हंडा धारेखाली लावला.